मर्थर ते सोलापूर: ब्रिटन आणि वेल्सचा इतिहास शिकवण्यासाठी साधनपेटी

औद्योगिक क्रांतीचा पाठ शिकवून झाला की आठवीच्या बहुतेक वह्यांत एकच वाक्य उरतं: इंग्लंडमध्ये यंत्रं आली, कच्चा माल हवा होता, म्हणून इंग्रज भारतात आले. हे वाक्य काळाच्या हिशेबातच बसत नाही. ईस्ट इंडिया कंपनीची सनद १६०० ची आणि सूतकताईची यंत्रं त्यानंतर दीडशे वर्षांहून अधिक काळाने आलेली. दुसरी अडचण याहून मोठी आहे. ब्रिटिश माणूस मुलांना फक्त साहेब म्हणून भेटतो. गिरणीत राबणारा, खाणीत उतरणारा, मताचा हक्क मागताना गोळी खाणारा ब्रिटिश माणूस वर्गात येतच नाही. सोलापुरात ही उणीव जास्त खटकते, कारण इथल्या बाकांवर बसलेल्या मुलांपैकी कोणाच्या घरी यंत्रमाग असतो, कोणाची आई विड्या वळते, कोणाचे आजोबा गिरणीत होते. ज्या गोष्टी पुस्तकात परक्या वाटतात त्या यांच्या घरातल्या आहेत.

पुढची साधनपेटी ६० मुलांचा वर्ग आणि ३५ मिनिटांची तासिका धरून आखली आहे. सहा ते सात तासिका लागतात. प्रोजेक्टर लागत नाही. पेटीचं तत्त्व एकच: मुलांच्या हातात आधी पुरावा द्यायचा, निकाल नंतर. आणि पुरावे एकमेकांशी भांडणारे हवेत. सगळे पुरावे एकाच बाजूने बोलत असतील तर मुलं विचार करत नाहीत, उतरवून घेतात.

गट कसे पाडायचे

तिघांचा एक बाक, असे वीस बाक. विषम ओळीतल्या मुलांनी मागे वळायचं. सहा जणांचे दहा गट तयार होतात आणि बाक हलवावे लागत नाहीत. साहित्याचे संच दहा नव्हे, बारा करा. दोन राखीव संच नसतील तर एक कार्ड हरवलं तरी तो गट तासभर शेजारच्या गटात डोकावत बसतो.

चार पारदर्शक नकाशे

सुरुवात नकाशाने, कारण ‘इंग्लंड’, ‘ब्रिटन’, ‘युनायटेड किंगडम’ हे सगळं एकच असा समज घेऊन मुलं येतात, आणि आपणही बोलण्याच्या ओघात तो पक्का करतो. ए-थ्री आकाराच्या पांढऱ्या कार्डशीटवर ब्रिटन आणि आयर्लंड या दोन बेटांची फक्त किनारपट्टी काढा. त्यावर चार पारदर्शक प्लास्टिक शीट ठेवायच्या. पहिलीवर १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी इंग्लंडला जोडलेला वेल्स, दुसरीवर १७०७ मध्ये सामील झालेलं स्कॉटलंड, तिसरीवर १८०१ चं आयर्लंड, चौथीवर १९२२ मध्ये बाहेर पडलेला दक्षिण आयर्लंड. प्रत्येक शीटला वेगळ्या रंगाचा परमनंट मार्कर वापरा. फळ्यावरचा मार्कर प्लास्टिकवर टिकत नाही, मुलांच्या बोटांना लागून निघून जातो.

इथे हमखास बिघडणारी गोष्ट म्हणजे शीट सरकतात आणि वेल्स समुद्रात जातो. चारही शीट आणि खालचा नकाशा एकत्र धरून डाव्या कडेला एकाच वेळी पंच करा आणि दोऱ्याने बांधा. आधी वेगवेगळं पंच केलं तर एक-दोन मिलिमीटरचा फरक राहतो आणि किनारे जुळत नाहीत.

आकाराचा अंदाज द्यायला कोपऱ्यात त्याच प्रमाणात सोलापूर जिल्हा काढा. वेल्सचं क्षेत्रफळ सुमारे २०,८०० चौरस किलोमीटर, आपल्या जिल्ह्याच्या दीडपटीहून थोडं कमी. लोकसंख्या मात्र ३१ लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या सोलापूर जिल्ह्याची ४३ लाखांवर होती. हा तपशील मुलं विसरत नाहीत. त्या शीटवर दोन तारखा आणखी लिहून ठेवा: १२८२-८३ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्स जिंकला, आणि १९९९ मध्ये वेल्सची स्वतःची विधानसभा कार्डिफमध्ये बसू लागली. जिंकला गेलेला देशही ब्रिटनच्याच आत होता, हे कळलं की पुढचे पाठ वेगळ्या नजरेने वाचले जातात.

कापूस, कांडी आणि तासांची पट्टी

जॉन के यांचा धावता धोटा (ताण्यातून आडवा दोरा नेणारं साधन) १७३३ चा. विणकराचा हात त्याने वेगवान केला आणि सूत कमी पडू लागलं. मग हरग्रीव्ह्जची स्पिनिंग जेनी, १७६९ मध्ये आर्कराइटची पाण्यावर चालणारी वॉटर फ्रेम, १७७९ मध्ये क्रॉम्प्टनचं म्यूल. सूत उदंड झालं तेव्हा विणकाम मागे पडलं, म्हणून कार्टराइटचा यंत्रमाग. ही साखळी सनावळ्यांनी डोक्यात शिरत नाही, हाताने शिरते.

प्रत्येक गटाला साधारण पाच ग्रॅम कापूस द्या. औषधाच्या दुकानातला पट्टीचा कापूस घेऊ नका. धुऊन, ब्लीच करून त्यातला नैसर्गिक मेण काढलेला असतो, त्यामुळे तंतू एकमेकांना धरत नाहीत आणि सूत बोटभर होण्याआधी तुटतं. वातीसाठी विकतात तो न धुतलेला, सरकी काढलेला कापूस आणा. पाच मुलं बोटांनी पीळ देत सूत काढतील, सहावं मूल पुठ्ठ्याच्या छोट्या मागावर ते विणेल. पुठ्ठा १५ बाय १० सेंटिमीटर, वर-खाली अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा, त्यांत ताण्यासाठी शिलाईचा जाड दोरा. दहा मिनिटांत चित्र स्पष्ट होतं: विणणारा रिकामा बसतो, पाच जण कातून त्याला पुरत नाहीत. इथे थांबून विचारा, ‘आता तुम्ही मालक असाल तर कशाचं यंत्र शोधायला पैसे द्याल?’ उत्तर मुलं स्वतः देतात.

ज्यांच्या घरी माग आहे त्या मुलांना आदल्या दिवशी एक भरलेली आणि एक रिकामी कांडी (धोट्यात बसणारी सुताची नळी) आणायला सांगा, जमल्यास जुना धोटाही. कांडी घरी कोण भरतं, दिवसाला किती भरतात, हे त्यांनीच वर्गाला सांगावं. वर्गात एरवी मागे बसणारी मुलं या तासाला पुढे येतात, त्यांना पुरेसा वेळ द्या. धोट्याची दोन्ही टोकं धातूची आणि टोकदार असतात. तो हातातून हातात फिरू द्या, फेकू देऊ नका.

त्याच तासाला किंवा दुसऱ्या दिवशी तासांची पट्टी. २४ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद कागद, एक सेंटिमीटर म्हणजे एक तास. ए-फोर कागद आडवा धरला की एका कागदावर सहा पट्ट्या बसतात. पहिली पट्टी मुलाने स्वतःच्या कालच्या दिवसाची रंगवायची: झोप, शाळा, शिकवणी, खेळ, घरचं काम. दुसरी पट्टी ब्रिटनच्या १८३३ च्या कारखाना कायद्याची. नऊ वर्षांखालच्या मुलांना कापडगिरणीत बंदी (रेशमाच्या गिरण्या वगळून), ९ ते १३ वयाला दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास, १३ ते १८ वयाला दिवसाला बारा आणि आठवड्याला ६९ तास. आठवीतलं मूल १३-१४ वर्षांचं, म्हणजे बारा तासांच्या गटातलं. हे सांगण्याआधी पट्टी रंगवायला लावा.

तिसरी पट्टी भारताच्या १८८१ च्या कायद्याची: सात वर्षांखाली बंदी, ७ ते १२ वयाला नऊ तास. आता फळ्यावर १८७७ लिहा. त्या वर्षी सोलापूरची पहिली कापडगिरणी, आपण जुनी गिरणी म्हणतो ती, सुरू झाली. पहिली चार वर्षं या शहरात गिरणीतल्या मुलाच्या वयाला आणि तासांना कायद्याचा अडसरच नव्हता, आणि ब्रिटनमध्ये तो निदान १८३३ पासून होता. ‘मग तोच कायदा इथे लगेच का आणला नाही?’ हा प्रश्न मुलं विचारतातच. उत्तर देताना दोन्ही बाजू मांडा. भारतातल्या मुलांची दशा पाहून कायदा मागणारे लोक होते, आणि मुंबई इलाख्यातल्या गिरण्या स्वस्तात माल काढतात म्हणून कायदा मागणारे इंग्लंडमधल्या लँकाशायरचे गिरणीमालकही होते. एकच मागणी दोन अगदी वेगळ्या हेतूंनी होऊ शकते, हे मुलांना इथे पहिल्यांदा दिसतं.

खाणींसाठी एक कार्ड पुरेसं आहे. बालकामगारांविषयीच्या आयोगाचा १८४२ चा अहवाल चित्रांसह छापला गेला. अरुंद बोगद्यात रांगत, कमरेला साखळी बांधून कोळशाची गाडी ओढणारी मुलं त्यात दिसतात. दक्षिण वेल्समधल्या मर्थर गावाच्या प्लिमथ खाणीत हवेचं दार उघडणाऱ्या सहा वर्षांच्या सुझन रीसची साक्षही त्याच अहवालात आहे. सकाळी सहाला येते, संध्याकाळी सहाला जाते, दिवा विझला किंवा भूक लागली की घरी पळते, असं तिने सांगितलं. त्याच वर्षीच्या कायद्याने बायका, मुली आणि दहा वर्षांखालचे मुलगे यांना खाणीत उतरवायला बंदी झाली. हे कार्ड वाचून झाल्यावर लगेच प्रश्न विचारू नका. अर्धा मिनिट जाऊ द्या.

मर्थर, १८३१: पेटीचा गाभा

दक्षिण वेल्समधलं मर्थर टिडविल हे त्या काळी लोखंड ओतणाऱ्या जगातल्या मोठ्या गावांपैकी एक. १८३१ मध्ये तिथे मजुरी कापली गेली, लोक कर्जात होते, कर्ज वसूल करणारं न्यायालय घरातली भांडी-बिछाने उचलून नेत होतं. जूनच्या सुरुवातीला लोकांनी जप्त वस्तू परत घेऊन ज्याच्या त्याला दिल्या आणि न्यायालयाची कागदपत्रं जाळली. ३ जूनला कॅसल इन या खानावळीसमोर जमलेल्या हजारोंच्या जमावावर ९३ व्या हायलँड पलटणीने गोळीबार केला. किमान १६ माणसं मेली. काही ठिकाणी आकडा २४ पर्यंत जातो. सैनिक जखमी झाले, मेला एकही नाही.

त्यानंतर रिचर्ड लुईस या २३ वर्षांच्या मजुराला, लोक त्याला डिक पेंडेरिन म्हणत, डोनल्ड ब्लॅक नावाच्या सैनिकाच्या पायावर संगिनीने वार केल्याच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. खुद्द ब्लॅकला वार करणारा ओळखता आला नव्हता. दयेच्या अर्जावर ११,००० सह्या झाल्या. तो अर्ज पुढे नेणाऱ्यांत जोसेफ ट्रेगेलिस प्राइस हा एक लोखंड कारखानदारच होता. गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न बधला नाही. १३ ऑगस्ट १८३१ ला कार्डिफमध्ये फाशी झाली. सोबतच्या लुईस लुईसची फाशी मात्र काळ्या पाण्यावर आली. १८७४ मध्ये बातमी छापून आली, की अमेरिकेत गेलेल्या इयान्टो पार्करने तो वार आपणच केल्याचं एका धर्मोपदेशकापाशी कबूल केलं होतं.

ही हकिगत मुलांना सांगायची नाही. चार पाकिटांत वाटायची. प्रत्येक पाकिटात दोन कार्डं, कार्ड ए-फाइव्ह आकाराचं.

पाकीट १: क, मजुरीतली कपात. ख, जप्ती आणि कर्जाचं न्यायालय.
पाकीट २: ग, ३ जूनची वर्तमानपत्रातली बातमी. घ, मृतांचे दोन वेगवेगळे आकडे आणि जखमी सैनिक.
पाकीट ३: च, आरोप आणि साक्षी. छ, ब्लॅकला ओळख पटवता आली नाही ही नोंद.
पाकीट ४: ज, दयेचा अर्ज आणि दोघांच्या शिक्षांमधला फरक. झ, १८७४ ची बातमी.

एका संचात आठ कार्डं, म्हणजे ए-फोरचे चार कागद. बारा संचांना ४८ कागद. कार्डावर ८० ते १०० शब्दांपेक्षा जास्त मजकूर नको, अक्षर १६ पॉइंटचं. सहा जण एकाच कार्डात डोकं घालून वाचतात, त्यामुळे नेहमीचं १२ पॉइंट कोपऱ्यातल्या मुलाला दिसतच नाही आणि तो वाचनातून उठतो.

मूळ बातम्या मिळवणं सोपं आहे. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९१९ पर्यंतची जुनी वर्तमानपत्रं इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. स्वान्सीचं ‘द केंब्रियन’ हे १८०४ पासूनचं साप्ताहिक त्यात आहे. जून ते ऑगस्ट १८३१ एवढी मर्यादा घालून मर्थर हे नाव शोधा. शोधात दिसणारा मजकूर यंत्राने वाचलेला असतो, त्यात अक्षरं चुकलेली असतात. म्हणून नेहमी पानाचं चित्र उघडून वाचा. १८३० च्या दशकातलं इंग्रजी वाक्य दहा-दहा ओळींचं असतं. मराठीत आणताना त्याची चार-पाच छोटी वाक्यं करा, पण बातमीदाराचा राग किंवा कळवळा पुसू नका. त्याने ‘दंगेखोर’ म्हटलं असेल तर ‘आंदोलक’ लिहू नका. तो कोणाच्या बाजूने आहे हे ओळखणं हेच तर मुलांचं काम आहे. कार्डाच्या मागे वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख लिहा.

नावांचे उच्चार आधी पाहून ठेवा. वेल्श स्पेलिंगमध्ये एकेरी एफचा उच्चार व होतो, दुहेरी एफचा फ, आणि दुहेरी डीचा द. टिडविलच्या स्पेलिंगमध्ये वाय दिसला म्हणून टायडविल वाचू नये.

तासाची आखणी अशी. पहिल्या तासाला पाकीट १ आणि २, दुसऱ्याला ३ आणि ४. पाकीट वाटायला दोन मिनिटं, वाचायला सात, गटात बोलायला पाच. चारही पाकिटं एकदम कधीही वाटू नका. एखादं तरी मूल थेट शेवटचं कार्ड वाचतं, कुजबूज होते, आणि बाकीच्या पुराव्यांत कोणाला रस उरत नाही. तिसऱ्या पाकिटानंतर फळ्यावर मतदान घ्या, रकाने तीन: दोषी, निर्दोष, सांगता येत नाही. तिसरा रकाना अत्यावश्यक आहे. तो नसेल तर मुलं पुराव्याकडे न बघता सहानुभूतीने मत देतात. प्रत्येक मताला ‘कोणतं कार्ड?’ एवढाच प्रश्न. कार्डाचं अक्षर सांगता आलं नाही तर मत धरायचं नाही, हा नियम कडक पाळा.

चौथ्या पाकिटानंतर बहुतेक गट ‘निर्दोष’ वर उडी मारतात. इथेच शिक्षकाची खरी गरज असते. कबुलीची बातमी ४३ वर्षांनंतरची आहे, कबुली देणाऱ्याच्या तोंडून नव्हे तर ऐकणाऱ्याकडून आलेली आहे, आणि बातमी म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. त्याच वेळी, फाशी देणाऱ्यांकडे तरी कोणता भक्कम पुरावा होता, हेही तितक्याच जोराने विचारा. कार्ड ज वाचून एखादं मूल विचारतं, ‘दोघं एकाच दंगलीतले, मग एकाला माफी का?’ ‘लुईस लुईसने मला जमावापासून वाचवलं’ अशी बाजू जॉन थॉमस या कॉन्स्टेबलने मांडली होती, ही माहिती जवळ ठेवा आणि प्रश्न आला तरच द्या.

टोलनाके आणि सहा मागण्या

हे दोन भाग एका तासात होतात. १८३९ ते १८४३ या काळात पश्चिम वेल्समधले शेतकरी बायकांचे कपडे घालून रात्री टोलनाके फोडत. त्यांच्या म्होरक्याला रिबेका म्हणत. शेतात टाकायचा चुना भट्टीवरून आणताना वेगवेगळ्या ठेकेदार संस्थांच्या नाक्यांवर पुन्हा पुन्हा पैसे मोजावे लागत, हा मुख्य जाच. मैदानात दहा मीटर दोरी टाका, त्यावर चार नाके, प्रत्येकाचा मालक वेगळा, शेतकऱ्याकडे दहा चिंचोके, प्रत्येक नाक्यावर दोन. जाऊन-येऊन सोळा लागतात हे त्याला परतीच्या वाटेवरच कळतं. पुण्याच्या रस्त्यावरचा सावळेश्वर नाका सगळ्यांना ठाऊक असल्याने चर्चा आपोआप पेटते. तिला एकच वळण द्या: लोकांनी नाके फोडल्यावर सरकारने फौज पाठवली, पण चौकशी आयोगही नेमला आणि १८४४ मध्ये कायदा बदलला. दोन्ही गोष्टी का केल्या असतील?

मताचा हक्क मागणाऱ्या ब्रिटनमधल्या चार्टिस्ट चळवळीच्या १८३८ च्या सहा मागण्या फळ्यावर लिहा: २१ वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला मत, गुप्त मतदान, उमेदवारीसाठी मालमत्तेची अट नको, खासदारांना वेतन, समान मतदारसंघ, दरवर्षी निवडणूक. यांतल्या आज भारतात कोणत्या लागू आहेत यावर खुणा करायला सांगा. सहावी सोडून सगळ्या, आणि पहिलीत बायकाही आल्या, वय १८ झालं. या मागण्यांसाठी ४ नोव्हेंबर १८३९ ला वेल्समधल्या न्यूपोर्टच्या वेस्टगेट हॉटेलसमोर वीसेक माणसं सैनिकांच्या गोळ्यांनी मेली, हे सगळ्यात शेवटी सांगा. मतदानाच्या हक्कावरची नागरिकशास्त्राची वाक्यं त्यानंतर कोरडी राहत नाहीत.

गळ्यातली पाटी

एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची छोटी पाटी अडकवत. तिच्यावर ‘डब्ल्यू एन’ (‘वेल्श नॉट’, म्हणजे वेल्श नको) ही अक्षरं कोरलेली असत. दुसरं कोणी वेल्श बोलताना सापडलं की पाटी त्याच्याकडे जाई, आणि शाळा सुटताना जिच्या किंवा ज्याच्याकडे ती असेल त्याला शिक्षा होई. तीन इंग्रज आयुक्तांनी, ज्यांतल्या एकालाही वेल्श येत नव्हती, १८४७ मध्ये वेल्समधल्या शिक्षणावर अहवाल दिला. त्यात वेल्श भाषेवर आणि लोकांच्या नीतिमत्तेवर ताशेरे होते. तो संताप अजून विझलेला नाही.

सुतारकामाच्या उरलेल्या प्लायमधून साधारण १० बाय ४ सेंटिमीटरची पाटी करून टेबलावर ठेवा. ती कोणत्याही मुलाच्या गळ्यात घालू नका, नाटक म्हणूनही नाही. सोलापूरच्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं बसलेली असतात, त्यांतल्या काहींनी भाषेवरून हसू झेललेलं असतं. पाटी टेबलावरच पुरेशी बोलते. प्रश्न विचारा: ‘या पद्धतीत पहारा कोण देतं?’ मुलं पटकन ओळखतात की शिक्षक नव्हे, वर्गमित्र.

दोन चुका इथे सर्रास होतात. एक, ‘सरकारने कायद्याने वेल्शवर बंदी घातली आणि पाटी आणली’ असं शिकवलं जातं. पाटी हा सरकारी हुकूम नव्हता. ती शाळाशाळांतली प्रथा होती, सगळीकडे सारखी नव्हती, आणि मुलांना इंग्रजी यावं म्हणून काही पालकांचीही तिला संमती असे. दुसरी, मेकॉलेचं भारतातल्या शिक्षणाविषयीचं २ फेब्रुवारी १८३५ चं टिपण आणि हा अहवाल सरळ एकाच पारड्यात टाकले जातात. मेकॉलेचा प्रश्न सरकारी पैसा कोणत्या शिक्षणावर खर्चावा हा होता. तुलना जरूर करा, फरकासह करा.

सोलापूर, १९३०-३१

हा तास सगळ्यात शेवटी घ्या. सोलापूरचं मूल चार हुतात्म्यांची नावं ऐकतच मोठं होतं, निकाल त्याच्या मनात आधीच लागलेला असतो. सुरुवात इथून केली तर मर्थरला फक्त तोच निकाल चिकटवला जातो. आधी परक्या प्रकरणात पुरावा तपासायची सवय लागली की मग आपल्या शहराच्या इतिहासाला तीच शिस्त आणि तेवढाच आदर मिळतो.

ए-थ्री कागदावर दोन रकाने, १८३१ आणि १९३०-३१. आडव्या ओळी सहा: असंतोषाचं कारण, जमाव कोणाचा, सरकारने काय केलं, खटला, शिक्षा, पुढे आठवण कशी जपली. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात मोर्चे निघाले, गोळीबार झाला, लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. रकाने भरताना साम्य भराभर सुचतात. म्हणून सातवी ओळ रिकामी ठेवून तिला ‘फरक’ असं नाव द्या. मर्थरमध्ये मजूर आपल्याच देशाच्या सरकारपुढे उभे होते, सोलापुरात परकी सत्ता होती. तिथे मागणी मजुरीची आणि कर्जमुक्तीची, इथे स्वराज्याची. ही ओळ भरल्याशिवाय कागद घेऊ नका.

शेवटच्या ओळीसाठी मुलांना चार हुतात्मा पुतळ्यांपाशी पाठवा. तिथला कोरीव मजकूर शब्दशः उतरवून आणायचा आणि तीन गोष्टी पाहायच्या: कोणी बसवलं, कधी बसवलं, काय लिहिलेलं नाही. डिक पेंडेरिनला फाशी दिली तो तुरुंग आज नाही, त्या जागी कार्डिफची मंडई आहे आणि तिच्या दाराशी त्याच्या स्मरणार्थ फलक आहे, हे याच वेळी सांगा. मे १९३० मध्ये सोलापूर काही दिवस स्वतंत्र होतं, असं आपल्याकडे अभिमानाने म्हणतात. ते सिद्ध करायला कोणते कागद शोधावे लागतील, याची यादी गृहपाठाला द्या.

हा तास ८ ते ११ जानेवारीच्या दरम्यान बसवा. त्यानंतर गड्ड्याची यात्रा आणि संक्रांत, वर्गात हजेरी पातळ होते.

छपाई, पेटी आणि गुण

मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला असेल तरी दुकानात फक्त पीडीएफ न्या. वर्ड फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की फॉन्ट बदलतो, जोडाक्षरं फुटतात आणि ओळी पुढच्या पानावर जातात. खाणीतल्या मुलांची चित्रं थेट झेरॉक्स केली तर काळा डाग येतो. आधी मोबाइलवर चित्र उजळ करून, कॉन्ट्रास्ट वाढवून एक प्रत काढून पाहा, मगच बारा काढा.

लॅमिनेशन १२५ मायक्रॉनचं घ्या. त्याहून पातळ शीट आपल्या उन्हाळ्यात कडेने वळते. लॅमिनेशन करण्याआधी कागद कापा आणि चारही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर प्लास्टिकची कड सोडा. कागदासकट कापलं तर कडेतून दमट हवा शिरते आणि थर सुटतात. सेलोटेप पेटीत कुठेही नको. एप्रिलमध्ये त्याचा गोंद पाझरतो आणि कार्डं एकमेकांना चिकटतात. पाकिटं खाकी, १० बाय १२ इंची. त्यांवर पाकीट क्रमांक आणि आतल्या कार्डांची अक्षरं ठळक लिहा. पेटी पत्र्याची, आणि भिंतीला न टेकवता विटांवर ठेवलेली, म्हणजे वाळवी लागत नाही.

आकारिक मूल्यमापनात हे काम धरायचं असेल तर दहा गुण असे वाटा: पुराव्याचं कार्ड नेमकं सांगणं ४, दोन पुराव्यांतला विरोध ओळखणं ३, फरकाची ओळ २, सादरीकरण १. सादरीकरणाला जास्त गुण ठेवले की सुंदर अक्षर आणि स्केचपेनची चौकट जिंकते, आणि ‘सांगता येत नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिणारा गट मागे पडतो.

तास संपताना वर्गनायकाने पाकिटं गोळा करू नयेत. प्रत्येक गटाने आपली कार्डं क ते झ क्रमाने लावून, मोजून द्यावीत. कार्ड घ आणि झ सगळ्यात जास्त हरवतात, म्हणून त्यांच्या चार-चार प्रती जास्तीच्या काढून पेटीच्या झाकणाला आतून पाकिटात लावून ठेवा.